कंदील नेणार असशील तर

शिवडी, मुंबई

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

राजमाचीला मुक्कामाला जाताना आजोबांचा प्रभाकर कंदील हवा म्हणालास, फार बरं वाटलं. खुशाल ने. पण आपलं घर शिवडीच्या तेलाच्या टाक्यांवर जगलंय. आजोबा तिथे कामाला होते आणि तेलाशी हयगय त्यांनी घरातही कधी खपवून घेतली नाही. म्हणून हे पत्र.

हा कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी 1916 साली तिथे काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा हा स्वदेशी दिवा पुढे महाराष्ट्रात घरोघरी लागला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या जप. तापलेली हवा वर निघून जाते आणि या नळ्यांतून ज्योतीला ताजी हवा मिळते. गडावरच्या वाऱ्यातही तो तग धरतो तो त्यामुळेच. नळी चेपली की ज्योत लाल होऊन धुरकटते.

तेल फक्त रॉकेल. तुझा मित्र थोडं पेट्रोल मिसळू म्हणतोय, त्याला ठाम नाही सांग. रॉकेलची वाफ पेट घ्यायला साधारण 35 ते 40 अंश उष्णता लागते. पेट्रोलची शून्याखाली 40 अंशांवरही घेते. वातीच्या दिव्यात ते म्हणजे स्फोटच. गोडेतेलही घालू नकोस. ते दाट असल्यामुळे या वातीतून वर चढत नाही, नुसती वात जळत राहते.

आता अडचणीची गोष्ट. तू शिवडीहून कुर्ला, तिथून कर्जत असा लोकलने जाणार. गाडीत रॉकेल नेणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि गर्दीच्या डब्यात तो नियम मला शंभर टक्के पटतो. कंदील रिकामा करून, टाकी पुसून, कोरडा ने. राजमाचीच्या उधेवाडीत ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करून विचार. रॉकेल मिळणार नसेल तर कंदील घरीच ठेव, बॅटरी ने.

वात सरळ काप आणि तिचे कोपरे किंचित उतरव, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. तेल भरायचं ते कंदील विझवून, गार झाल्यावर, नरसाळ्याने. सांडलेलं पुसल्याशिवाय काडी ओढायची नाही. पेटवल्यावर वात लगेच मोठी करू नकोस, काच हळूहळू तापू दे. तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तरी ती तडकते.

आणि तंबूत कंदील नाही. थंडी वाजली तरी नाही, वात बारीक करूनही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. बाहेर सपाट दगडावर, वाळल्या गवतापासून लांब ठेव. झोपण्याआधी वात खाली घे, काच उचल, फुंकर घाल, आणि पुरता विझला का ते बघ.

जूनच्या सुरुवातीला जातोस म्हणजे काजव्यांचे दिवस. काजवे एकमेकांना प्रकाशाने खुणावतात, आपल्या उजेडात त्या खुणा हरवतात. झाडांकडे जाताना कंदील मुक्कामावर विझवून ठेव.

काच वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध भर. वात नवी लागेल. रविवारी ये, मी आणून ठेवते. कापायची कशी तेही दाखवीन.

तुझी,
मावशी