उजेडाच्या बाजूची रोपं

बाजारातल्या एका पिकलेल्या टोमॅटोचा गर वाटीत काढला आणि दोन दिवस आंबू दिला. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, आंबल्यावर ते सुटतं. मग बी धुऊन वाळवलं आणि ट्रेमध्ये कोकोपीट भरून वीस बिया अर्धा सेंटीमीटर खोल पेरल्या. आठव्या दिवसापर्यंत सतरा उगवल्या.

तीन आठवड्यांनी प्रश्न आला. माझ्या गॅलरीत सहाच कुंड्या मावतात. म्हणजे अकरा रोपं जाणार. कोणती?

मी पडलो इंजिनिअर. निकष ठरवला, उंची. पट्टी घेऊन मोजली. मग लक्षात आलं, सगळ्यात उंच रोपं वॉशिंग मशीनच्या आडोशाला होती. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात बारीक, लांबुडकं होत जातं. धट्टीकट्टी, बुटकी रोपं बाहेरच्या बाजूला होती. निकष बदलला, जाड खोडाची ठेवायची. पण ती जाड होती कारण त्यांना ऊन मिळालं होतं. आणि ट्रे तसा ठेवला होता मीच.

बरं, सगळं उजेडावर ढकलावं तर तेही खरं नाही. बाजारातले टोमॅटो बहुतेक संकरित असतात, त्यांच्या बियांतून येणारं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. बी किती आणि जागा किती, हे रोपाकडे बघून सांगता येत नाही.

तिथे मला गेलं वर्ष आठवलं. आमच्या सात जणांच्या टीममधून दोघांना काढलं. त्यातला एक माझा कॉलेजपासूनचा मित्र. तो ज्या प्रोजेक्टवर होता तो बंद पडला. माझा चालू राहिला, क्लायंटच्या रोजच्या नजरेतला. प्रोजेक्ट आम्ही निवडले नव्हते. तरी घरी सगळे म्हणाले, "तुझी मेहनत फळाला आली." मीही मान डोलावली.

जॉन रॉल्सने १९७१ सालच्या पुस्तकात मांडलं होतं की जन्माने मिळालेली बुद्धी किंवा परिस्थिती ही कुणाचीच कमाई नसते. मग मेहनतीला किंमतच नाही का? आहे. पण मेहनत त्यानेही केली होती, आडोशाच्या रोपांनीही केली होती. उंची तीच तर दाखवत होती. निवड करावी लागते, हे मला मान्य आहे, कुंड्या सहाच आहेत. मला खटकतं ते निवड झाल्यावर उरलेल्याला 'लायक' म्हणणं. कारण मग गेलेला आपोआप नालायक ठरतो, आणि त्याला फोन करायची गरज वाटेनाशी होते.

शेवटी दोन्ही बाजूंची तीन-तीन रोपं ठेवली. लांबुडकी रोपं वरच्या पानांपर्यंत मातीत खोल लावली. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळं फुटतात. महिनाभराने कुठलं कुठल्या बाजूचं, हे मलाच ओळखता येईना. चार रोपं शेजारी दिली. सात उपटली. ती वाईट होती म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून.

माणसाचं इतकं सोपं नसतं, त्याला दर महिन्याला हप्ता भरायचा असतो. त्या रविवारी मी मित्राला फोन केला. आठ महिन्यांनी. नोकरीबद्दल काही बोलायच्या आधी म्हणालो, "उशीर झाला रे." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हो, झाला."