पेशंटचे नातेवाईक कोण?

आयसीयूच्या बंद दाराबाहेर ही हाक दिवसातून कितीदा तरी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ती काहीतरी मागण्यासाठीच असते. औषधांची चिठ्ठी न्या, रक्ताची सोय करा, इथे सही करा. मेंदूच्या गंभीर आजारात या हाकेचा अर्थ याहून मोठा असायला हवा. हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलू शकतो. कुठे दुखतंय ते सांगतो, नको ते नाकारतो. मेंदूच आजारी पडला की हे सगळं एकदमच जातं. हा माणूस परवापर्यंत कसा बोलत होता, कशाला घाबरायचा, कोणते उपचार त्याला नको असते, याची माहिती फक्त दाराबाहेर बसलेल्यांकडे उरते. म्हणून त्यांच्याशी रोज बसून बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. वेळ उरला तर दाखवायचा चांगुलपणा म्हणून त्याकडे पाहणं मला चुकीचं वाटतं.

एकच आजार घेऊ. होसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली एका विशिष्ट मेंदूज्वराचा उलगडा केला. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच उलटते. रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांत मुली अधिक, आणि काहींच्या अंडाशयात गाठ सापडते. सुरुवात मात्र तापाने किंवा लुळेपणाने होईलच असं नाही. झोप उडते, संशय वाढतो, नसलेले आवाज ऐकू येतात. मग झटके येतात, तोंड वेडंवाकडं हलू लागतं, बोलणं थांबतं. पहिल्या आठवड्यात घरच्यांना ही बाधा वाटली किंवा मनाचा आजार वाटला, तर त्यांना दोष देता येत नाही, कारण चांगल्या डॉक्टरांचीही इथे फसगत होते. निदान पक्कं होतं ते पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीने. पण ती तपासणी करावी असा संशय येण्यासाठी काय आधी घडलं आणि काय नंतर, हा क्रम लागतो, आणि तो क्रम आईला, नवऱ्याला, खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीलाच ठाऊक असतो. पुढची गोष्टही तितकीच मोलाची आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 577 रुग्णांच्या अभ्यासात, उपचार घेतलेल्या आणि पुढे पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 80 टक्के दोन वर्षांत चांगले सावरलेले दिसले. सुधारणा दीड वर्षापर्यंत होत राहिली. ज्या कुटुंबाला रोज फक्त ‘72 तास काही सांगता येत नाही’ एवढंच ऐकवलं जातं, त्याच्यापर्यंत हा महिन्यांचा हिशोब पोचतच नाही. जमीन विकायची की थांबायचं, नोकरी सोडायची की पाळ्या लावायच्या, हे मग ते अंधारात ठरवतं.

डॉक्टरांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप खरा आहे. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांकडे पाहिलं की तो पटतोच. पण लागतो किती वेळ? फ्रान्समधल्या 22 आयसीयूंमध्ये, मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवर झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. एका गटाशी ठरवून, शांतपणे, त्यांचं ऐकून घेत चर्चा झाली. ती साधारण 30 मिनिटं चालली, नेहमीची 20. तीन महिन्यांनी त्या गटातल्या लोकांत धसका, चिंता आणि नैराश्य कमी आढळलं. फरक दहा मिनिटांचा होता आणि त्यातला बराचसा वेळ नातेवाईकच बोलले होते. दार उघडं ठेवलं तर जंतुसंसर्ग वाढेल, या भीतीलाही उत्तर आहे. ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंत नातेवाइकांना माहिती देऊन दिवसाला 12 तासांपर्यंत आत बसू दिलं. संसर्ग वाढला नाही, नातेवाइकांची चिंता घटली. रुग्णांचा भ्रम मात्र त्याने लक्षणीय कमी झाला नाही, आणि तेही सांगायलाच हवं. जवळ बसल्याने मेंदू बरा होतो असा दावा मी करत नाही.

उलट, तसा दावा आपल्याकडे फार सोयीचा ठरतो, याचीच मला काळजी वाटते. मनुष्यबळ अपुरं असलं की कूस बदलणं, नळीतून भरवणं, हातपाय हलवून घेणं हे सगळं घरच्यांवर टाकलं जातं आणि त्याला ‘कुटुंबाचा सहभाग’ म्हटलं जातं. भारतातल्या 14 रुग्णालयांतल्या 1250 पक्षाघाताच्या रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली गेली. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करवलं. 2017 साली निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले 47 टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी होते. माया फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढत नाही. घरच्यांकडून माहिती आणि रुग्णाच्या इच्छेची साक्ष घ्यावी. पगारी माणसाचं काम घेऊ नये.

राहिला मारहाणीचा प्रश्न. महाराष्ट्राने 2010 साली डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला आणि तो गरजेचाच आहे. हात उगारणाऱ्याची बाजू घेता येत नाही. पण शिक्षेची भीती धक्का बसल्यानंतरच्या क्षणी कामाला येत नाही. सकाळपर्यंत ‘स्टेबल’ असलेला माणूस संध्याकाळी अचानक ‘गेला’ म्हणून कळतो, तेव्हा मधल्या दिवसांत काय सांगितलं गेलं, याला महत्त्व येतं. ‘नक्की माहीत नाही, पण आज शुद्धीची पातळी कालपेक्षा खाली आहे’ हे वाक्य मराठीत, खुर्चीवर बसून, रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टराने बोलावं. घरातल्या एकाने ते ऐकून बाकीच्यांना सांगावं; आजी-आजोबांना किती सांगायचं ते घर ठरवील. आणि पेशंटला घरी न्यायची वेळ येईल तेव्हा लागणारी गोष्ट, म्हणजे झटका आला तर काय करायचं आणि काय नाही, हे डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत घाईघाईने सांगण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात शिकवायला सुरुवात करावी.