आवर्ती खर्चाची बाब

रावसाहेबांची सारी हयात कोषागारात गेली, त्यामुळे कोणत्याही लोकहिताच्या प्रस्तावात त्यांची नजर प्रथम खर्चाच्या रकान्यावर जाते. ही दृष्टी मला मुळीच निष्ठुर वाटत नाही, कारण सरकारी तिजोरीतल्या पैशावर पहिला हक्क गरिबाचा असतो.

“डॉक्टरबाई,” ते म्हणाले, “2011 च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून देशभरात नोंदले गेले सुमारे 4 लाख 88 हजार. ज्या तालुका रुग्णालयाला भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथल्या डॉक्टरांना तृतीयपंथीयांची चिकित्सा शिकवण्यासाठी पैसा मंजूर करणे कोणत्या न्यायात बसते?”

“तुमच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचा खर्च आहे, रावसाहेब. पोटरी सुजलेली एक तृतीयपंथी स्त्री बाह्यरुग्ण विभागात येते. तिला कोणत्या रांगेत उभे करावे यावरच केसपेपरच्या खिडकीशी घोळ होतो. आणि शरीराला स्त्रीरूप यावे म्हणून ती दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाला येईल तितक्या घेते, हे विचारायला डॉक्टरला कोणी शिकवलेलेच नसल्यामुळे, त्या गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल आणि ती फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतेल, ही शंका त्याच्या मनाला शिवतही नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याचे पंधरावे कलम वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरविचाराची जबाबदारी सरकारवर टाकते. 2022 मध्ये वर्षाकाठी 5 लाखांच्या विम्याची योजनाही जाहीर झाली. पण एवढा एक प्रश्न विचारणारा डॉक्टर समोर नसेल, तर त्या विम्याचे तिने काय करावे?”

रावसाहेब बराच वेळ गप्प होते.

“विचारणे मान्य. पण रक्कम मोजकी. चार तज्ज्ञ मुंबई-पुण्यात पुरते तयार केले, तर खेड्यातली रुग्ण वाऱ्यावर. सगळ्यांना दोन दिवसांचे शिबिर दिले, तर अर्ध्या ज्ञानावर संप्रेरके लिहून देणारे हात वाढतील. यातले कोणते पाप पत्कराल?”

खरा पेच हाच होता, आणि बाईंनी तो टाळला नाही.

“तालुक्याच्या डॉक्टरने विचारावे, धोका ओळखावा, सन्मानाने पुढे पाठवावे, संप्रेरके सुरू करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी नीट शिकलेल्या माणसाकडेच असावा. काहींना तिथवरचा प्रवास झेपणार नाही, हे मी जाणते, आणि ते मला सलते.”

“आणि शिकलेल्याची बदली झाली की?”

“पुन्हा शिकवायचे.”

“मग ही एकवेळची योजना म्हणून मांडू नका,” रावसाहेबांनी प्रस्तावाचा कागद पुढे ओढला. “आवर्ती खर्चात घाला. नाहीतर मार्चअखेरीस पहिली कात्री हिच्यावरच चालेल.”