हिरवी-पिवळी तार

मोबाईल टॉवरच्या पायथ्याशी करड्या रंगाची लोखंडी पेटी असते. तिच्या पोटात केबल ओढणं हे माझं काम. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत सतरा वर्षं हेच करतोय. पेटीला एक पॉवरची केबल लागते आणि एक अर्थिंगची. पॉवरची चुकली तर दोन मिनिटांत कळतं: ब्रेकर पडतो, लाल दिवा लागतो, फोन येतो, शिव्या बसतात. अर्थिंगची चुकली, अर्धवट राहिली, अगदी जोडलीच नाही, तरी पेटी चालू होते. सगळे दिवे हिरवे. हे मला धंद्यात पडल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कळायला नको होतं असं कधीकधी वाटतं.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. १८३८ साली जर्मनीत स्टाइनहाइल नावाच्या माणसाला आढळलं की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच ते काम करते. त्या काळी जमिनीशी जोड सुटला की तार मुकी व्हायची आणि माणूस धावत जायचा. आता जोड सुटला तरी कुणी धावत नाही.

चोपडा, यावल, रावेर या तापीच्या पट्ट्यातली काळी जमीन आम्हाला मानवते. खड्डा सरळ खाली उतरतो. पाइप उभा करायचा, भोवती कोळसा-मिठाचे थर द्यायचे, पाणी सोडायचं. रीडिंग बरं, म्हणजे कमी येतं. केळीच्या बागेला लागून पेटी असली तर विचारूच नका, जमीन बारमाही ओली. कोरडवाहू रानात मात्र मे महिन्यात हीच जमीन हात जाईल एवढी भेगाळते आणि पाइपची मातीशी सोयरीक तुटते. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं. कोण ओततं, हा प्रश्न सोडून द्या.

साक्रीकडची गोष्ट वेगळी. धुळं मागे टाकून पश्चिमेला निघालं की भिंती बांधल्यासारख्या काळ्या दगडाच्या लांबच लांब टेकड्या लागतात. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. तिथे पहार दोन फुटांवर ठणकते.

ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या लांबून दिसतात अशा एका गावात मी मे अखेरीला पेटी उभी केली. खड्डा अडीच मीटर हवा होता. अडीच फुटांवर दगड लागला. पाइप कापला, तुकडा उभा केला, वर मीठ भुरभुरलं आणि सिमेंटची चौकट बसवली. चौकट झकास झाली होती. राहिलं मोजमाप. अर्थ टेस्टरच्या दोन सळया लांब अंतरावर जमिनीत ठोकाव्या लागतात. त्या दगडात जाईनात. फॉर्मवर आकडा लिहायला मात्र दगड आडवा येत नाही. मी ‘१.८ ओम’ लिहिलं. सरळ ‘२’ लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. दशांश दिला की आकडा मोजल्यासारखा दिसतो. ही अक्कल मला कुणी शिकवली नव्हती.

पेटीच्या आतही एक गोष्ट केली, म्हणजे केली नाही. अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या तारेचं टोक सोलून लगमध्ये, म्हणजे धातूच्या टोपणात घालतात, क्रिंपिंग मशीनने दाबतात, ओढून बघतात, वर स्लीव्ह चढवतात. ते सगळं नीट केलं. पण लग ज्या पत्र्यावर बसतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करायचा असतो आणि दातेरी वॉशर घालायचा असतो. रंग हा वीज अडवणारा. मी रंगावरच नट कसला आणि फोटो पाठवला. फोटोत लग दिसतो, लगखालचा रंग दिसत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो. पेटीशेजारी शेळ्या राखणारी एक आजी बसली होती. म्हणाली, “पाणी उनं का पेटीले झिणझिण्या येतस, भाऊ. शेळी आते तठे उभी नही ऱ्हास.”

पेटी आणि ओली जमीन यांच्यात मीटर लावला. नव्वद व्होल्ट. पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या फिल्टरमधून थोडीशी वीज कायम बॉडीवर झिरपते. अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते, नसेल तर बॉडी २३० च्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहते. त्याने माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण आत एखाद्या फेजच्या तारेचं इन्सुलेशन गेलं असतं तर तीच पेटी पूर्ण २३० ची झाली असती, आणि आजीची पाठ पेटीपासून हातभर लांब होती.

त्या रात्री लॉजवर मी स्वतःची वकिली करून पाहिली. सुपरवायझर म्हणाला होता, आजच बंद कर. म्हणाला होता खरं. खोटा आकडा लिही असं म्हणाला नव्हता. पेटीमागे पैसे ठरलेले, दोन दिवस जास्तीचे खिशातून गेले असते. गेले असते. दगड होता. होता, पण दगडाळ जागी उथळ आणि लांब चर खणून त्यात पट्टी पुरतात, हे मला माहीत होतं. आय.एस. ३०४३ या अर्थिंगच्या मानकातच पट्टी सांगितली आहे.

आणि एक गोष्ट या वकिलीत मी दडवत होतो. ती पेटी उभी केली त्याच वर्षी धुळ्यात माझं घर झालं. घराच्या अर्थिंगचा खड्डा मी स्वतः उभं राहून पुरा खणून घेतला आणि रीडिंग तीनदा घेतलं. त्याच टेस्टरने. मग ‘माहीत नव्हतं’ आणि ‘जमत नव्हतं’ ही दोन्ही नाटकं संपली. माझ्या पोरांचा हात जिथे लागणार तिथे मी मोजलं, दुसऱ्याच्या शेळ्या जिथे बसणार तिथे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन गडी घेऊन वीस मीटर चर खणला, पट्टी पुरली, बाहेरून काळी माती आणून भरली. पेटीतला रंग चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत खरवडला. सळयांसाठी ओढ्याकाठची माती सापडली. रीडिंग ४.१ आलं. इतकं करूनही खरा आकडा माझ्या खोट्या आकड्यापेक्षा वाईटच निघाला.

हे मी कुणालाही कळवलं नाही. कागदावर अजून १.८ आहे. हाताखालच्या पोरांना मी आजही सांगतो: जोडताना अर्थिंग सगळ्यात आधी, सोडताना सगळ्यात शेवटी, बॅटरीला हात घालण्याआधी अंगठी-घड्याळ काढा. पोरं ऐकतात, मान डोलावतात. साक्रीची गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. सांगितली तर पुढचं ऐकतील की नाही, ही भीती आहे. आणि ती भीती त्यांच्या भल्यासाठी आहे असं मी म्हणत आलोय, तेही खरं नाही.

जुनी डायरी काढली. घाईत उरकलेल्या, दगडाळ जागेच्या अशा एकेचाळीस पेट्या निघाल्या. टेस्टर घेऊन रविवारी-रविवारी जातो. बारा झाल्या, त्यांतल्या पाच पुन्हा कराव्या लागल्या. मृग लागायला अकरा दिवस आहेत आणि एकोणतीस पेट्या बाकी आहेत.