धावडी कुंडाचा गोटा

आमच्या देव्हाऱ्यात एक बाणलिंग आहे. आजोबांनी ते धावडी कुंडाहून आणलेले. आपल्याच देवास जिल्ह्यात धाराजीपाशी नर्मदा कातळावरून कोसळत असे. खाली खडकात रांजणासारखे खळगे होते. त्यांत सापडलेले गोटे वर्षानुवर्षे गरगरत, घासले जात आणि त्यांची बाणलिंगे होत. टाकी नाही, हातोडा नाही. पुढे 2007 च्या सुमारास ओंकारेश्वर धरणाचे पाणी चढले आणि ती जागा बुडाली. पाणी आजही आहे, पण ते उभे आहे. गोटा आता तिथे घडत नाही.

थंडीच्या दिवसांत सतवासची काही मुले माझ्याबरोबर रानात पायी हिंडायला येतात. वही-पेन्सिल सोबत असते. नियम एकच, गळून पडलेले असेल तेवढेच उचलायचे. नियम माझा; पण तो सुचला इंदूरच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींच्या कामावरून. वाळकी पाने, साली, बिया यांतच त्यांना चेहरे नि पाखरे दिसत. (आमच्या मुलांना आधी बोरे दिसतात, हे कबूल केले पाहिजे.)

एकदा असेच हिंडून आल्यावर पोरे घरी पोहे खायला थांबली होती. बोलता बोलता मी अमृतलाल वेगडांची गोष्ट काढली. जबलपूरचे हे चित्रकला-शिक्षक 1977 साली, पन्नाशीला टेकले असताना, नर्मदेच्या काठाने चालू लागले. टप्प्याटप्प्याने, कधी विद्यार्थी, कधी मित्र, पुढे पत्नीलाही सोबत घेऊन. चालायचे, रेखाटायचे, लिहायचे. त्यांनी पाहिलेला कितीतरी काठ नंतर धरणांखाली गेला.

एका मुलीने विचारले, "सर, मग चित्रं काढून काय वाचलं?"

काही नाही, असेच सांगावे लागले. शिक्षकाला असे उत्तर देणे जड जाते. चित्राने धरण अडत नाही; आणि ओंकारेश्वरची 520 मेगावॅट वीज आपल्याच प्रांतात येते, तेव्हा दिव्याखाली बसून हळहळणाऱ्या माझेही हात कोरडे नाहीत. शेताला पाणी नको, असे कुठल्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगू? तरीही मला वाटते, जे कोणी पायी जाऊन, चारजणांनी मिळून पाहिले नाही, ते बुडताना त्याची किंमत हिशेबात धरलीच जात नाही. बुडीत जमिनीची एकरात मोजणी होते. गरगरणाऱ्या गोट्याचा रकाना कुठल्या कागदात असतो? तो रकाना आहे, एवढे तरी पाहणाऱ्याने बोलले पाहिजे. त्याने पुरेसे होते का? माझे मन अजून होय म्हणत नाही.

मुलीचेही समाधान झाले नव्हते. तिने बाणलिंग पाहायला मागितले. मी ते ताम्हनात ठेवून दिले. तिने पळीभर पाणी घातले. ओल्या दगडात एक तांबूस रेघ उमटली. वाळायच्या आत ती काढून घ्यावी म्हणून ती घाईघाईने वही शोधू लागली.