टाके घट्ट का होतात?

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश रणभूमीवर झाला खरा. परंतु त्याची परीक्षा बहुधा घरातच होत असते. ज्याच्यासाठी आपण प्रेमाने कष्ट केले, त्यानेच आपल्या कृतीत दोष काढला असता चित्त स्थिर राखणे किती कठीण, हे प्रत्येक गृहस्थ मनोमन जाणतो.

एक दृष्टांत घेऊ. बंगळूर हे शहर सुमारे 3,000 फूट उंचीवर वसलेले असल्याने पौषातील पहाटे तेथे वृद्धांस गारठा जाणवतो. शहाजीराजांच्या काळापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आली आहेत. अशाच एका घरातील सूनबाईने सासऱ्यांसाठी लोकरीचा स्वेटर विणावयास घेतला, असे समजा. सासरे सहसा कशानेही संतुष्ट न होणारे; आमटीत मीठ कमी, धोतराला नीळ जास्त, असे त्यांचे रोजचेच. दोन महिने घरकाम आटोपल्यावर बसून तिने तो पुरा केला व संक्रांतीच्या दिवशी त्यांच्या हाती दिला. मामंजींनी तो डोक्यातून घालून पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, गळा घट्ट झाला आहे." सूनबाईचे डोळे भरून आले. साऱ्या श्रमांची एका वाक्याने माती झाली, असे तिला वाटले.

येथे दोष कोणाचा? लौकिक दृष्टी सासऱ्यांकडे बोट दाखवील. गीतेची दृष्टी प्रथम सुयांकडे वळते. गळ्याचे टाके अगदी शेवटी बंद करतात. त्या वेळी लोकर अधिक ओढली गेली, तर काठ ताणत नाही आणि डोके आत जात नाही. पाठ व पोट मोकळेपणाने विणणारा हात शेवटीच का आवळला? कारण तोवर तिचे मन कामात होते. शेवटच्या ओळीत ते मामंजींच्या मुखाकडे धावले. "आता तरी शाबास म्हणतील ना?" ही काळजी बोटांत उतरली आणि टाके घट्ट झाले.

कर्मावर अधिकार आहे, फलावर नाही, ही दुसऱ्या अध्यायातील शिकवण पुष्कळांना अपयशानंतरचे सांत्वन वाटते. वस्तुतः ती काम चांगले करण्याची युक्ती आहे. फलाशा केवळ मनाला दुःख देऊन थांबत नाही. ती हातातील कर्मही बिघडवते. म्हणून त्याच अध्यायात भगवंत योगाला कर्मातील कौशल्य म्हणतात. सतराव्या अध्यायात परतफेडीच्या इच्छेने दिलेले दान राजस ठरविले आहे. शाबासकीची अपेक्षा हीसुद्धा परतफेडीचीच इच्छा नव्हे काय?

परंतु यावरून, "फल आपले नाही, तर घेणाऱ्यास वस्तू रुचो वा न रुचो," असे कोणी समजू नये. 1927 साली प्रकृती ढासळल्यामुळे महात्मा गांधी नंदी टेकडीवर व नंतर बंगळूर येथे विश्रांतीस राहिले होते. त्या वर्षी जुलैमध्ये तेथे खादीचे प्रदर्शनही भरले. गांधीजींना भेट देणे सोपे नव्हते. मौल्यवान वस्तू ते स्वतःजवळ ठेवीत नसत. लिलावात काढून तो पैसा लोककार्यास लावीत. हाताने काढलेले सूत त्यांना प्रिय. पण तेही ते पारखून घेत. सूत एकसारखे आहे काय, पीळ पुरेसा आहे काय, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. कारण कच्चे सूत मागावर तुटते आणि गरीब विणकराचे श्रम वाया जातात. देणाऱ्याला न दिसणारी दुसऱ्याची अडचण त्यांना दिसत होती. चोखंदळ मनुष्य पुष्कळदा असा आपल्या कामाचा गुरू असतो.

घेणाऱ्यासही गीतेने मोकळे सोडलेले नाही. वाणीचे तप सांगताना सतराव्या अध्यायात सत्याबरोबर प्रिय आणि हितकर बोलण्याची अट घातली आहे. मामंजी सत्य बोलले, हितकरही बोलले. प्रिय बोलावयाचे तेवढे राहून गेले. "वीण सुरेख आहे; गळा मात्र थोडा सैल हवा," असे म्हटल्याने सत्याला कोठेही उणेपणा आला नसता.

मग सूनबाईने काय करावे? संपूर्ण स्वेटर उसवण्याचे कारण नाही. गळ्याचा शेवटचा काठ तेवढा उसवावा, टाके पुन्हा सुईवर घ्यावेत आणि एक क्रमांक जाड सुईने, सैल हाताने बंद करावेत. एका संध्याकाळचे काम. उसवलेली लोकर वाकडी दिसली, तरी कोमट पाण्यात भिजवून वाळविली की सरळ होते. तिचा एक धागाही व्यर्थ जात नाही. या मार्गात आरंभलेल्या प्रयत्नाचा नाश होत नाही, असे आश्वासन भगवंतांनी दुसऱ्या अध्यायातच दिले आहे.

दुसऱ्यांदा टाके बंद करताना तिने मामंजींच्या मुखाचे नव्हे, त्यांच्या गळ्याला लागणाऱ्या थंडीचे स्मरण ठेवावे. ते संतुष्ट झाले तर आनंदच. न झाले तरी पौषाच्या पहाटे एका वृद्धाला ऊब मिळेल. ज्यासाठी सुया हाती घेतल्या, ते तेवढेच होते.