पट्ट्यावरची धार

कायकाविषयी बोलताना आपण होडी, माग, दोरी, मोळी यांची नावे घेतो. वस्तऱ्याचे नाव क्वचितच घेतो. वास्तविक बसवण्णांच्या अगदी निकट राहून तांबुलाची पिशवी सांभाळणारे शरण हडपद अप्पण्णा यांनाच कर्नाटकातील हडपद समाज आपले मूळपुरुष मानतो, आणि क्षौर हा त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. अप्पण्णांनी वचने रचली, त्यांच्या पत्नी लिंगम्मा यांनीही रचली. तेव्हा वस्तऱ्याचा विचार आपल्याला परका नाही.

बालाघाट म्हटले की लातूर-बीडकडील वाचकांना आपली डोंगररांग आठवेल. येथे मात्र वैनगंगेकाठचा, मध्य प्रदेशातील बालाघाट अभिप्रेत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा जिल्हा पलीकडे राहिला; पण मराठी बोलणारी घरे तेथे आजही आहेत. तिकडे न्हावी स्वतःला संत सेनांच्या नावाने सेन म्हणवितो, आणि ज्या चामड्याच्या पट्ट्यावर तो वस्तरा फिरवी त्याला हिंदीत चमोटा म्हणतात. आठवडी बाजारात झाडाच्या खोडाला आरसा अडकवून, गिऱ्हाइकाला पाटावर बसवून चालणारे ते काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या कानांत त्या पट्ट्याचा चटचट आवाज अजून असेल.

धार लावण्याची ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. तिच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली दगडाची. वस्तऱ्याची पाठ जाड व पाते पोटाशी खोलगट असते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवून, पाणी किंवा तेल लावून, धार पुढे ठेवून वस्तरा सरकवायचा. कोन हाताने धरावा लागत नाही, पाठीची जाडीच तो ठरविते. दगड पोलाद खातो, म्हणून तो रोज वापरायचा नसतो. फार घासले की धार बारीक होण्याऐवजी तिची कड कागदासारखी वळते आणि तुटते. उत्साही नवशिका येथेच वस्तरा बिघडवितो. व्रतांचे व उपवासांचे असेच दगड आपल्यातही काही जण स्वतःवर घासतात, पण तो विषय निराळा.

दुसरी पायरी पट्ट्याची, आणि ती रोजची. येथे चाल उलटी. पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेल्यावर वस्तरा पाठीवर पलटायचा. धारेवर पलटला तर पट्टाच कापला जातो. पट्टा पोलाद जवळजवळ खात नाही, वाकलेली सूक्ष्म कड तेवढी सरळ करतो. ती वाकते कशाने? केसाने! पोलादापेक्षा केस सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो धारेचे कण उडवितो, हे अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. न्हाव्याला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, म्हणून तो दर गिऱ्हाइकाआधी पट्ट्याकडे वळे. काही जण शेवटचे दोन हात आपल्याच तळहातावर फिरवीत.

आता तो पट्टा हातात घेऊन पाहा. हे कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, कोणी कापून दिले? ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी. हरळय्या शरणांच्या व्यवसायबंधूंनी. आणि धार सिद्ध झाल्यावर तोच वस्तरा त्यांच्याच गालाला लागू दिला जात नसे. चांभाराच्या कातड्यावर धार चढवायची, त्या धारेने साऱ्या गावाची दाढी करायची, आणि चांभार आला की वस्तरा मिटून धोकटीत टाकायचा. ज्या कल्याणात हरळय्यांच्या मुलाचा मधुवरसांच्या मुलीशी विवाह झाला आणि त्यापायी दोन्ही वडिलांना देहदंड सोसावा लागला, त्या कल्याणाचा वारसा सांगणाऱ्या आपण या मिटलेल्या वस्तऱ्याला कायक म्हणायचे काय?

येथे कोणी म्हणेल, न्हाव्याने वस्तरा खाली ठेवणे नेहमीच अधर्म ठरेल काय? नाही. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून ठरविले की, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. ते काम मिळकतीचे होते, रूढीचे पाठबळ असलेले होते, आणि हातांत धारही उत्तम होती. तरी त्यांनी हात आखडला, कारण समोर बसविलेली स्त्री स्वतःहून बसलेली नव्हती. क्रिया तीच, वस्तरा न उचलण्याची. एका ठिकाणी दीनावरचा जुलूम थांबविण्यासाठी, दुसऱ्या ठिकाणी जुलूम चालू ठेवण्यासाठी. धारेला यातले काही कळत नाही. दगड आणि पट्टा तिला तीक्ष्ण करतात, ती कोणाकडे वळावी हे सांगत नाहीत.

मात्र सारा दोष त्या गरिबाच्या माथी मारून मोकळे होणे मला मान्य नाही. बलुत्यावर जगणारा न्हावी दलिताची दाढी करीत नसे, यामागे त्याची स्वतःची शिवाशीव असेलही. पण त्याहून मोठे भय गिऱ्हाइकांचे होते. ‘त्याला लावलेला वस्तरा आम्हाला लावू नकोस’ असे म्हणणारे पाटावर बसलेले असत. ते कोण होते? आपल्या घरांतील वडीलधारी त्यांत नव्हती, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील?

घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपविली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरविले. पुढे एड्स व कावीळ यांच्या भयाने वस्तराच बदलला. आता मुठीत अर्धे पाते बसवितात, एका गिऱ्हाइकानंतर ते फेकतात. हे योग्यच झाले. पट्ट्याची विद्या गेली याची हळहळ वाटते, पण ज्याची मान आपल्या हाती आहे त्याच्या जिवापुढे कारागिराचा अभिमान थोरला नव्हे.

आणि प्रत्येकाला नवे पाते म्हटल्यावर, एकाचा वस्तरा दुसऱ्याला लागल्याची जुनी सबबही उरलेली नाही. तरी काही गावांतून अजून तक्रारी येतात. पुढच्या वेळी आपण दुकानात जाल तेव्हा समोर मोठा आरसा असेल. शेजारच्या खुर्चीवर कोण बसते, आणि गावातले कोण तेथे कधीच दिसत नाही, हे त्यात पाहता येते. दुकानदाराला ते विचारायला गिऱ्हाइकाइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.